पहाटेची संथा

बसा.

खुर्ची असेल तर खुर्चीत, नसेल तर खाली सतरंजीवर. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

हात मांडीवर मोकळे सोडा.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. त्याच्यावर डोळा ठेवून बसू नका. तो येतो-जातो आहे, एवढं जाणवलं की पुरे.

प्रभू, मी इथे आहे.

एवढंच म्हणा, मनातल्या मनात. आणि थांबा.

*

अजून उजाडलेलं नाही.

अंधार आहे, पण मध्यरात्रीचा गच्च अंधार नाही. झाडांच्या कडा आता दिसू लागल्या आहेत. हवेत गारवा आहे. दवाने भिजलेल्या मातीचा वास आहे.

एक लहान मुलगी जमिनीवर झोपली आहे. आठेक वर्षांची.

तिची आई येऊन शेजारी बसते.

आई हाका मारत नाही. खांदा धरून गदागदा हलवत नाही. ती वाकते, मुलीला अंथरुणातून अलगद उचलते आणि मांडीवर घेते. काहीतरी पुटपुटते. पहाटे आया लेकरांशी जे बोलतात ते. लाडाचं, अर्धवट, कुणाला सांगण्यासारखं नसलेलं.

मुलगी डोळे चोळते. पुन्हा मिटते.

तिची मान आईच्या खांद्यावर कलते.

कुठेतरी एक पाखरू बोलतं. मग दुसरं.

आणि आई श्लोकाचा एक चरण म्हणते.

मुलगी तो म्हणते. आवाजात झोप आहे, अक्षरं एकमेकांत अडकताहेत.

आई पुन्हा म्हणते.

मुलगी पुन्हा म्हणते.

पोथी उघडलेली नाही. दिवा लावलेला नाही. मुलगी आईच्या तोंडाकडे बघते आणि तिथून शब्द उचलते.

बघत राहा.

आईला घाई नाही. तुम्हालाही नसू द्या.

*

आईचं नाव लक्ष्मीबाई डोंगरे. मुलीचं नाव रमा. पुढे सगळा देश तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखणार आहे.

पण ते पुढे. आत्ता 1866 च्या आगेमागे आपण आहोत आणि रमा पेंगते आहे.

या कुटुंबाला घर नाही. वडील अनंतशास्त्री बायकामुलांना घेऊन तीर्थांमागून तीर्थं हिंडताहेत. देवळात बसून पुराण सांगायचं, ऐकणारे जे ठेवतील त्यावर दिवस काढायचा. म्हणून ही पहाट कधी एखाद्या ओसरीवर उगवते, कधी झाडाखाली, कधी नदीच्या काठी.

जागा बदलते. मांडी तीच.

आणि पहाटच का?

कारण एकदा उजाडलं की ही बाई स्वतःची उरत नाही. पाणी, चूल, नवऱ्याचं सोवळंओवळं, आल्यागेल्याचं जेवण. दिवसाचा प्रत्येक तास कुणीतरी आधीच मागून घेतलेला आहे. मुलीला शिकवायला वेळ काढायचा तर तो एकाच ठिकाणाहून काढता येतो.

स्वतःच्या झोपेतून.

इथे थोडं थांबा.

कुणीतरी तुमच्यासाठीही आपली झोप मोडली आहे. कोण, ते आत्ता शोधू नका. मोडली आहे, एवढंच आत उतरू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

*

या पहाटेच्या मागे एक रात्र आहे. तिथवर जाऊन येऊ.

सह्याद्रीत गंगामूळचं रान. तुंगा आणि भद्रा इथून निघतात. रात्र आहे. झोपडी अजून बांधलेली नाही. उघड्यावर एक लहान मुलगी पासोडीत अंग गुंडाळून पडली आहे. दरीपलीकडून वाघाची डरकाळी येते. ती पासोडी आणखी घट्ट ओढून घेते. नवरा रात्रभर जागा राहून राखण करतो.

ही मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई. नऊ वर्षांची असताना गोदावरीकाठी तिचं लग्न लागलं.

अनंतशास्त्र्यांनी तरुणपणी पुण्यात एक गोष्ट पाहिली होती. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत शिकू शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही. आपल्या बायकोला शिकवायचं, त्यांनी ठरवलं. लोक बोलू लागले. मग ते तिला घेऊन रानात आले.

एवढ्या लहान पोरीला वाघाच्या रानात नेणारा हा माणूस. तुमच्या मनात राग येतो का? माझ्या येतो. येऊ द्या. राग आणि ऋण एकाच मनात शेजारी बसू शकतात. देवापुढे त्यांतलं एक लपवायची गरज नाही.

आता पुन्हा तिच्याकडे बघा. डरकाळी ऐकून जी आक्रसून पडली, तीच आज अंधारात उठून बसली आहे. मांडीवर मूल आहे आणि तोंडात श्लोक.

शिकवणाऱ्याच्या मागे कुणीतरी शिकवणारा उभा आहे. त्याच्या मागे आणखी कुणी.

ती रांग अंधारात कुठवर जाते, दिसत नाही.

फक्त बघा.

*

आता एक जड पाऊल टाकायचं आहे. सावकाश.

1874 साल. दुष्काळ. खायला नाही, कामाची सवय नाही, भीक मागायची लाज. वडील जातात. थोड्याच आठवड्यांत आई जाते.

रमा सोळा वर्षांची आहे.

खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. परक्या गावात उपाशी मेलेल्या बाईसाठी कोण येणार? कसेबसे दोघे ब्राह्मण तयार होतात. तिसरा भाऊ. चौथं कुणीच नाही.

चौथी रमा.

तिची उंची कमी आहे. तिचा खांदा बाकीच्यांच्या खांद्यांना पोचत नाही. म्हणून ती तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेते.

स्मशान लांब आहे. ती चालते आहे.

काही बोलू नका. तिच्या मागे, थोडं अंतर ठेवून चाला.

त्याच डोक्यात भागवताचे श्लोक आहेत. आईने पहाटे ठेवलेले.

थांबा.

एक श्वास.

आणखी एक.

*

त्यानंतर कितीतरी होतं. आईने आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत जे दिलं, त्याच्या बळावर ही मुलगी 1878 साली कलकत्त्यात पंडितांपुढे उभी राहते आणि ते तिला पंडिता म्हणतात, सरस्वती म्हणतात. लग्न होतं, एक मुलगी होते, नवरा जातो. ती इंग्लंडला जाते. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज गावी ती बाप्तिस्मा घेते. मग अमेरिका.

रमाबाईंचा विषय निघाला की लोक बहुतेक या बाप्तिस्म्यापाशी येऊन भांडू लागतात. आज तो वाद दाराबाहेर ठेवू. आपण एका पानाकडे बघायला आलो आहोत.

1887. फिलाडेल्फिया. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक छापून येतं. सुरुवातीला अर्पणपत्रिकेचं पान आहे.

ख्रिस्ती होऊन तिला चार वर्षं होत आली आहेत. ज्यांच्याकडून तिला नवा विश्वास मिळाला, ती माणसं हयात आहेत. ज्यांच्या देशात पुस्तक निघतं आहे, ते वाचक ख्रिस्ती आहेत. तिथे कुणाचंही नाव शोभलं असतं.

पानावर नाव आहे लक्ष्मीबाई डोंगरे.

तिच्या प्रेमाने आणि शिकवण्याने माझ्या आयुष्यात उजेड दाखवला, असं मुलगी सांगते आहे. आई शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या देवांची भक्त होती. मुलीने ते लपवलेलं नाही, आणि तिचं ऋण त्यामुळे कमीही केलेलं नाही.

आई गेल्यावर तेरा वर्षं लागली हे पान यायला.

पानावर बोट ठेवा. कागद जुना आहे, जरा खरखरीत. अक्षरं परकी, नाव आपलं.

तिथेच राहा.

*

आणखी एक माणूस बघू. यरुशलेममध्ये, गढीच्या पायऱ्यांवर.

त्याच्या हातांत साखळ्या आहेत. खाली लोक ओरडताहेत, याला मारून टाका म्हणताहेत. शिपायांनी त्याला कसाबसा वर आणला आहे. तो बोलायची परवानगी मागतो. हाताने खूण करतो. गर्दी हळूहळू गप्प होते.

पौल त्यांच्याच भाषेत बोलू लागतो. आणि आधी आपण कुठले, कुणाकडे शिकलो, ते सांगतो. गमलिएलाच्या पायाशी बसून मी शिकलो, म्हणतो.

दिमिष्काच्या वाटेवर त्याचं सगळं उलटंपालटं झालेलं आहे. ज्यांना पकडायला निघाला होता, त्यांच्यातलाच तो झाला आहे. पण गुरूचं नाव तेच आहे आणि ते तो मान वर करून घेतो.

गर्दीतली ती शांतता ऐका. थोडा वेळच टिकणार आहे.

मराठी ख्रिस्ती घरांत हे नवं नाही. रविवारी संडेस्कूलच्या ताईंकडे दाविदाची गोष्ट, सोमवारी शाळेत गुरुजींकडे मनाचे श्लोक. दोन्ही पाठ. दोन्ही अजून येतात. आणि मिशनच्या शाळेत, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या हिंदू, मुसलमान, बौद्ध घरांतल्या कितीतरी जणांच्या ओठांवर आजही प्रभूची प्रार्थना आपोआप येते. कुणी कुणाला काय दिलं, याचा हिशेब कुठल्या वहीत मांडणार?

मांडू नका.

सगळं चांगलं वरून येतं, असं आपण मानतो. येताना ते कुणाच्या हातून येतं, तो हात आता बघायचा आहे.

*

डोळे मिटा.

एक वर्ग आहे.

बाकावर ब्लेडने कोरलेली नावं आहेत. फळा काळा, कडेला पांढुरका. डस्टर झटकला की उन्हाच्या तिरपीत खडूची धूळ तरंगते. खिडकीबाहेर मैदानावर कुणाचा तरी पीटीचा तास चालू आहे.

टेबलामागे कुणीतरी उभं आहे.

तुम्ही निवडू नका. जे येतील त्यांना येऊ द्या. पहिलीच्या बाई असतील. गणिताचे सर असतील. घरी दूध घालता घालता पाढे म्हणून घेणारे आजोबा असतील. लोईस नावाच्या आजीपासून तीमथ्यापर्यंत विश्वास पोचला, तिथे शाळा कुठे होती?

आले?

की एखादे असे आले, ज्यांच्या पट्टीचा वळ अजून बोटांवर आहे, किंवा सगळ्या वर्गासमोर उच्चारलेला एक शब्द? मग त्यांना दाराशीच उभं राहू द्या. आज त्यांचे आभार मानायची सक्ती कुणी केलेली नाही. प्रभूला फक्त दाखवा: हे आहेत. तो बघेल. तुम्ही दुसऱ्या चेहऱ्याची वाट बघा.

त्या चेहऱ्याजवळ या.

बोटांना खडू लागलेला आहे. चष्म्याची काडी एका बाजूने दोऱ्याने बांधलेली असेल. साडीच्या पदराला पांढरं लागलं असेल. काय आहे, ते तुम्हालाच ठाऊक. बघा.

त्या तुमच्या बाकापाशी येतात. वाकतात.

तुमच्या हातात पाटीवरची पेन्सिल आहे. तुमच्या बोटांवर त्यांची बोटं येतात. 'ळ' जमत नाही. दोन्ही गाठी एकमेकींवर चढतात. त्यांचा हात तुमचा हात घेऊन वळतो. एक वळण. दुसरं.

पुन्हा.

पुन्हा.

त्या हाताची ऊब आठवते का? कोरडा होता की घामेजलेला? वजन किती होतं?

तिथेच राहा.

शेवटच्या रात्री प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि एकेकाच्या पायाशी वाकतो. आपल्याकडे शिष्य वाकून नमस्कार करतो. त्या खोलीत गुरू वाकला आहे, आणि पेत्राला ते सहन होत नाही.

लक्ष्मीबाई अंथरुणापाशी वाकते. बाई पाटीवर वाकतात.

पाण्याचा आवाज ऐका.

*

आता हजेरी.

वर्ग शांत होतो. हजेरीचं पुस्तक उघडतं. एकेक नाव. एकेक 'हजर'.

तुमचं नाव जवळ येतं आहे.

दरम्यान, खूप दूर, रविवारची एक पहाट. बागेत एक बाई रडत उभी आहे. कबर रिकामी आहे. समोर कुणीतरी आहे. माळी असेल, असं तिला वाटतं. डोळ्यांत पाणी, नीट दिसत नाही.

तो तिचं नाव घेतो.

मरीया.

ती वळते. गुरुजी, म्हणते.

जगातल्या सगळ्यांत मोठ्या सकाळी तिच्या तोंडून पहिली हाक निघते ती वर्गातली. ज्याच्याकडून ती शिकली, त्याचा आवाज तिने नावावरून ओळखला.

आता तुमचं नाव.

त्या आवाजात ऐका. बाई ज्या सुरात घेत, त्याच सुरात. आडनावासकट घेत असतील तर तसंच.

उत्तर द्या.

ओठ हलले तरी चालतील.

थांबा.

*

केडगाव. पुण्यापासून दूर नाही. रमाबाईंच्या मुक्ती सदनाचा छापखाना.

दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली इथे वाढल्या आहेत. 1874 साली जी उपाशी चालली होती, तिने त्यांना आणलं. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल वाचताहेत. कुणी मागावर आहे, कुणी शेतात.

एक बाई खिळे जुळवते आहे.

शिशाचा खिळा, करंगळीच्या नखाहून बारीक. त्यावरचं अक्षर उलटं. ती तो चिमटीत धरते, उजेडाकडे फिरवते, ओळीत बसवते. मग काना. मग पुढचं अक्षर. बोटं काळी झाली आहेत.

ती बायबल जुळवते आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत. या कामाला रमाबाईंची कितीतरी वर्षं गेली. आईने पाठ करून घेताना लावलेली भाषेची शिस्त त्या प्रत्येक ओळीखाली आहे, असं मला वाटतं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत हेच काम चालू होतं. संपूर्ण बायबल छापून झालं ते 1924 साली.

लक्ष्मीबाईला यातलं काहीच कळलं नाही.

तिने पेंगणाऱ्या मुलीला एक चरण दिला, मुलीने तो म्हटला, पाखरं बोलू लागली, आणि ती चूल पेटवायला उठली.

बाईच्या चिमटीतला खिळा बघा.

ओळ पुरी होते.

*

प्रभू, हे नाव तुझ्यापुढे ठेवतो आहे.

नाव घ्या. मोठ्याने. एकदा.

त्या गेल्या असतील, तर तुझ्याजवळ असू दे. आहेत, तर त्यांचे गुडघे, त्यांची नजर, त्यांचं पेन्शन, त्यांची एकटी दुपार सांभाळ.

आमेन.

हळूहळू डोळे उघडा. खोली होती तशीच आहे. हातपाय हलवा, पाणी प्या.

नंबर मिळतो का बघा. जुन्या वर्गातल्या कुणाकडे तरी असतो. दुपारी दोन ते चार सोडून लावा, त्या वेळी बाई पडलेल्या असतील. ऐकू कमी येत असेल, तेव्हा जरा मोठ्याने बोला. आधी आपलं नाव सांगा, मग शाळा, मग साल. मुद्द्यावर यायची घाई करू नका, कारण त्या आधी विचारतीलच, कुठल्या तुकडीत होतास? की होतीस? आणि शेजारी कोण बसायचं?